सोळा साइन जोडल्या तरी आवाज ऑर्गनचाच का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणकावर सोळा साइन लाटा हार्मोनिक क्रमाने (मूळ वारंवारतेच्या १, २, ३... पट) जोडल्या, प्रत्येकीची पातळी तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणाच्या स्पेक्ट्रमवरून (कोणत्या वारंवारतेला किती जोर, याच्या आलेखावरून) घेतली, तरी कानाला इलेक्ट्रिक ऑर्गनच ऐकू येतो. पातळ्या चुकल्या का, की आणखी साइन हव्यात? आणि याच रीतीने घंटा, तबला वगैरे जमेल का?

पातळ्या बहुधा बरोबर आहेत, आणि सोळाच्या जागी साठ साइन घेतल्या तरी ऑर्गनच वाजेल, फक्त जास्त झणझणीत. ध्वनिमुद्रणाचा एकच स्पेक्ट्रम काढला की चार-पाच सेकंदांत घडलेलं सगळं एका सरासरीत दाबलं जातं. तारेतला दहावा हार्मोनिक छेडल्यावर दीड सेकंदाने फुलत असेल आणि पंधरावा तोवर मावळला असेल, तर त्या सरासरीत दोघं शेजारी शेजारी उभे दिसतात. कानाला मात्र ते एकामागून एक येणं हवं असतं. नादाची जात ठरते ती प्रत्येक घटक केव्हा उगवतो, किती वेळात फुलतो आणि कसा विझतो यावरून. पातळ्यांची यादी ही त्याची फक्त पहिली ओळ.

ऑर्गनच का, यालाही कारण आहे. १९३५ साली बाजारात आलेला हॅमंड ऑर्गन हे नेमकं तुमच्यासारखंच करणारं यंत्र होतं. चुंबकाजवळ फिरणारी दातेरी चाकं जवळजवळ शुद्ध साइन तयार करत, आणि नऊ ड्रॉबार (पातळी ठरवणाऱ्या पट्ट्या) ओढून त्यांची बेरीज ठरे. मूळ स्वराच्या, म्हणजे आठ फुटी, ड्रॉबारला १ धरलं तर बाकीच्यांची गुणोत्तरं ०.५, १.५, २, ३, ४, ५, ६ आणि ८. सातवा हार्मोनिक त्यात नाहीच. कळ दाबली की सगळे घटक एका क्षणी सुरू, सोडली की एका क्षणी बंद, मधल्या वेळात पातळ्या स्थिर. आपला कान गेली कित्येक दशकं अशा स्थिर बेरजेला ऑर्गन म्हणूनच ओळखतो. त्यामुळे तुमचा प्रोग्राम चुकलेला नाही, त्याने हॅमंड बरोबर बनवला.

आता सुधारणा. पण एन्व्हलपकडे (वेळेबरोबर पातळी कशी चढते-उतरते त्या रेषेकडे) वळण्याआधी यंत्राचा पाया तपासून घ्या, कारण खालच्या चुका असतील तर पुढची सगळी मेहनत त्यांच्याखाली झाकली जाते.

पहिली आणि सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बदलत्या वारंवारतेची साइन थेट ‘साइन(२π × वारंवारता × वेळ)’ या सूत्राने काढणं. वारंवारता स्थिर असेल तोवर हे चालतं. कंप किंवा मींड घातली की बिघडतं. समजा ४४० हर्ट्झला सेकंदाला ५ वेळा, ५ हर्ट्झ वरखाली असा कंप दिला. या सूत्रात वारंवारतेच्या बदलाच्या वेगाला वेळेने गुणलं जातं, म्हणून दोन सेकंदांनंतर तोच कंप ३०० हर्ट्झपेक्षा जास्त रुंद होऊन सायरनसारखा वाजतो. उपाय एकच: प्रत्येक ऑसिलेटरसाठी (साइन तयार करणाऱ्या घटकासाठी) फेज, म्हणजे आवर्तनात तो कुठवर पोचला तो कोन, साठवून ठेवा, दर सॅम्पलला (आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला) त्यात ‘२π × त्या क्षणीची वारंवारता ÷ सॅम्पल रेट’ मिळवा, २π ओलांडला की तेवढा वजा करा, आणि मग साइन घ्या. वजा करण्याची पायरी गाळू नका. ३२ बिटी फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवण्याच्या प्रकारात) १०,००० हर्ट्झच्या घटकाची फेज न गुंडाळता वाढू दिली, तर शंभराव्या सेकंदाला ती ६० लाख रेडियनच्या पुढे जाते, आणि तिथे फ्लोटच्या दोन शेजारी संख्यांमध्ये अर्ध्या रेडियनचं अंतर असतं. आवाजात हळूहळू खरखर चढते आणि कारण सापडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वरची मर्यादा. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला एवढे नमुने) २४,००० हर्ट्झच्या वर काही जाऊ द्यायचं नाही. ४४० हर्ट्झच्या स्वराला ५४ हार्मोनिक बसतात, पण १७६० हर्ट्झला फक्त १३. तिथे ठोकळेबाजपणे २० हार्मोनिक ठेवले, तर विसावा ३५,२०० हर्ट्झला जायच्या ऐवजी दुमडून १२,८०० हर्ट्झला येतो. तो मूळ स्वराच्या ७.२७ पट असल्याने कुठल्याच नात्यात बसत नाही. वरच्या सप्तकात आवाज पत्र्यासारखा किरकिरा झाला तर आधी हेच पाहा. साइन जोडून आवाज घडवण्याच्या या रीतीचा, म्हणजे ॲडिटिव्ह सिंथेसिसचा, मोठा फायदा असा की फिल्टर न लावता हे टाळता येतं: मर्यादेबाहेरचा ऑसिलेटर सुरूच करायचा नाही. मींड घेताना घटक मर्यादेजवळ आला तर एकदम तोडू नका, शेवटच्या एक-दोन हजार हर्ट्झमध्ये त्याची पातळी उतरवत न्या.

तिसरी, बेरजेची उंची. सारख्या पातळीचे ३२ घटक एकाच फेजमध्ये कोसाइन म्हणून सुरू केले तर शिखर ३२ पट उंच आणि सरासरी जोर जेमतेम ४, म्हणजे १८ डेसिबलची दरी. आवाज लहान ऐकू येतो, तरी मीटर लाल. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९७० साली दिलेला फेजचा नियम इथे उपयोगी पडतो: प्रत्येक घटकाची सुरुवातीची फेज ‘−π × क्रमांक × (क्रमांक − १) ÷ एकूण घटक’ एवढी ठेवा. दरी पाच-सहा डेसिबलच्या आसपास येते. मात्र हा नियम सगळीकडे लावू नका. वरच्या आणि मधल्या स्वरांत फेज बदलल्याने नादाची जात फारशी बदलत नाही, पण ७०-१०० हर्ट्झच्या खर्जात ती स्पष्ट बदलते. तिथे फेज एकसारख्या ठेवल्या तर प्रत्येक आवर्तनाला एक टोकदार ठोका पडतो आणि कानाला झणझण जाणवते. फेज विखुरल्या की तीच झणझण पिठासारखी मऊ होते. तानपुऱ्याच्या खर्जाला हे फार महत्त्वाचं आहे, पुढे येईलच.

आता वेळेकडे. याचं पहिलं पक्कं उदाहरण तानपुऱ्याचं नाही, ट्रम्पेटचं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत फ्रेंच संगीतकार ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटच्या स्वरांचं संगणकावर विश्लेषण केलं. तोवर पाठ्यपुस्तकांतल्या ठरावीक स्पेक्ट्रमवरून केलेला ट्रम्पेट कधीच पितळी वाटत नसे. रिसे यांना दिसलं की स्वर जसा मोठा होतो तसे वरचे हार्मोनिक खालच्यांपेक्षा जास्त वेगाने वाढतात, आणि सुरुवातीला ते थोडे उशिरा पोचतात. जोर वाढला की चमक वाढते, हीच पितळेची ओळख. हे घरी करून बघायला दहा मिनिटं लागतात. एकच मुख्य एन्व्हलप काढा, शून्य ते एक. पहिल्या हार्मोनिकला तो जसाच्या तसा द्या. पुढच्यांना त्याचा घात द्या: घातांक ‘१ + ०.२५ × (क्रमांक − १)’. एन्व्हलप ०.५ वर असेल तेव्हा पहिला ०.५ वर, पण नववा ०.५ चा घन म्हणजे ०.१२५ वर असेल, आणि एन्व्हलप १ ला पोचला की दोघं आपापल्या पूर्ण पातळीवर. चढण ४० ते ६० मिलिसेकंदांची ठेवा आणि सगळ्या घटकांना मिळून एकच, अर्ध्या टक्क्याच्या आतला हळू बेसूर हलकावा द्या. हलकावा प्रत्येक घटकाला वेगवेगळा दिला तर ट्रम्पेट फुटून पन्नास शिट्ट्या होतात, कारण एका वाद्याचे घटक एकत्र हलतात म्हणूनच कान त्यांना एक वाद्य समजतो.

आता तुमचा तानपुरा. ॲडिटिव्ह पद्धत शिकायला इतकं चांगलं वाद्य दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे, कारण यात स्वर बदलतच नाहीत. जे काही घडतं ते सगळं हार्मोनिकांच्या आत. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानस आणि पॉलिश कागदाने घासून जो उतार देतात आणि तारेखाली सुती दोरा सरकवून जो बिंदू पकडतात, ती जवारी. तार घोडीच्या टोकाला एकदम संपत नाही, उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्या टेकण्या-सुटण्यात ऊर्जा एका हार्मोनिककडून दुसऱ्याकडे जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली हीच गोष्ट नोंदवली. साध्या तारेचा नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकांचा स्थिर बिंदू येतो ते हार्मोनिक उमटत नाहीत. तानपुरा आणि वीणेत ते तरीही उमटतात. तानपुरा जवळजवळ मध्यावर छेडतात, तरी त्यात सम क्रमांकाचे हार्मोनिक भरपूर असतात ते म्हणूनच. याचा व्यवहारातला अर्थ: छेडण्याच्या जागेवरून पातळ्या काढण्याचं, गिटारसाठी लिहिलेलं सूत्र इथे वापरू नका.

सा काळी एक धरू, पुरुषी तानपुरा. तारा चार: पंचम १०३.९४ हर्ट्झ, जोडीच्या दोन १३८.५९, खर्ज ६९.३०. पंचम सा च्या बरोबर पाऊणपट घेतला आहे. कीबोर्डवरच्या स्वराचा आकडा घेऊ नका. जोडीच्या प्रत्येक तारेला ४० हार्मोनिक, पंचमाला ५०, खर्जाला ६०.

मूळ पातळ्या अशा ठेवा: तिसरा ते आठवा ० डेसिबल, दुसरा −५, पहिला −१०. नवव्यापासून पुढे क्रमांक दुप्पट झाला की ९ डेसिबल उतार. पहिला इतका दाबायला हात धजत नाही, पण उघड्या जवारीच्या तारेत मूळ स्वर खरोखरच दुबळा असतो. खर्ज ऐकू येतो तो वरच्या हार्मोनिकांमधल्या ६९ हर्ट्झच्या सारख्या अंतरावरून कानाने केलेल्या अंदाजामुळे, आणि म्हणूनच ज्या मोबाइलच्या स्पीकरमधून ७० हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही त्यावरही खर्ज कळतो. पहिला वर चढवला की तानपुऱ्याचा बास गिटार होतो.

चढण सगळ्यांना १५ मिलिसेकंद, गोलसर. तानपुरा बोटाच्या मांसल भागाने छेडतात, नखीने नाही. २-३ मिलिसेकंदांची चढण दिली तर सतार ऐकू येऊ लागते. विझण्याचा वेळ, म्हणजे ६० डेसिबल खाली जायला लागणारा वेळ, पहिल्याला ९ सेकंद आणि बाकीच्यांना ‘९ ÷ (१ + ०.०६ × क्रमांक)’: विसाव्याला साधारण ४.१ सेकंद, चाळिसाव्याला २.६.

इथवर आलात की एक सभ्य तार वाजेल, पण जवारी नसेल. जवारीसाठी पातळ्यांवर एक सरकता उंचवटा चढवा. त्याची उंची १२ डेसिबल आणि आकार घंटाकृती, मध्यापासून तीन क्रमांक दूर गेल्यावर उंची ६० टक्के उरेल असा. मध्याचा क्रमांक वेळेबरोबर खाली येऊ द्या: ‘६ + १२ × इ चा (−वेळ ÷ १.५) घात’, इथे इ म्हणजे २.७१८. छेडताना मध्य अठराव्यावर, दीड सेकंदाने साधारण दहाव्यावर, तीन सेकंदांनी साडेसातच्या आसपास. आता पंधरावा हार्मोनिक ०.४ सेकंदाला फुलेल, दहावा १.६ ला, सातवा पावणेचार सेकंदांच्या सुमाराला. हा एक बदल केला की तुमची बेरीज पहिल्यांदा तानपुऱ्यासारखी बोलेल. १.५ हा आकडा म्हणजे तुमचा सुती दोरा. तो १.० केला तर जवारी चटकन मिटते, २.५ केला तर स्वर लांबवर रेंगाळतो. उंची १८ डेसिबलच्या वर नेली तर शीळ ऐकू येते आणि ६ च्या खाली नेली तर जवारी बंद झाल्यासारखी वाटते. उंचवटा पूर्णांकांवर टप्प्याटप्प्याने सरकवू नका, मध्याचा क्रमांक दशांशात सरकू द्या. नाहीतर पायऱ्या ऐकू येतात.

जोडीच्या दोन तारांत ०.१ हर्ट्झचा फरक ठेवा. मूळ स्वरात तो दहा सेकंदांत एक हेलकावा देतो, पण दहाव्या हार्मोनिकमध्ये तोच फरक १ हर्ट्झ होतो, विसाव्यात २. खाली शांत आणि वर लकाकी, असं एकाच आकड्याने साधतं. ०.५ हर्ट्झवर गेलात तर वरचे हार्मोनिक थरथरू लागतात आणि जोडी बेसूर वाटते.

छेडण्याचे क्षण: पंचम ०, जोड १.२, जोड २.०, खर्ज २.९, आणि पुढचं आवर्तन ४.६ सेकंदाला. प्रत्येक क्षणात ±३० मिलिसेकंदांचा विस्कळीतपणा हवा, आणि जोरात एक-दोन डेसिबलचा. तीच तार पुन्हा छेडली जाईल तेव्हा जुना स्वर −३० डेसिबलपर्यंतच उतरलेला असतो. खऱ्या वाद्यात बोट टेकताच तार थांबते, म्हणून नव्या छेडीच्या आधी ३० मिलिसेकंदांत जुना आवाज उतरवा. हे केलं नाही तर जुन्या-नव्या फेज एकमेकांना खातात आणि काही आवर्तनांत स्वर कारण नसताना पोकळ वाटतो.

हे सगळं जुळलं की एक तपासणी करा, तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. खर्जाचा पाचवा हार्मोनिक ३४६.५ हर्ट्झ, म्हणजे स्वयंभू गांधार. तो स्पष्ट ऐकू यायला हवा. पंचमाच्या तारेचा तिसरा ३११.८ म्हणजे रिषभ, पाचवा ५१९.७ म्हणजे निषाद. कीबोर्डवरचा गांधार ३४९.२ हर्ट्झला आहे, स्वयंभूपेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारी स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा. हॅमंडमध्येही पाचव्या हार्मोनिकचा ड्रॉबार समविभागी सप्तकातल्या चाकावरून उसना घेतलेला असल्याने तेवढाच चढा आहे. तुमचा गांधार टोचत असेल तर बहुधा दोनपैकी एक झालं आहे: हार्मोनिकांना कुठेतरी कीबोर्डच्या स्वरांवर बसवलं गेलं, किंवा पियानोसाठीचा तारेच्या ताठरपणाचा आकडा उचलला गेला. ताठर तारेत हार्मोनिक वर सरकतात, ‘क्रमांक × मूळ × √(१ + ब × क्रमांकाचा वर्ग)’ या हिशोबाने. पियानोच्या मधल्या तारांना ब साधारण ०.०००४ असतो. त्याने पाचवा ८.६ सेंट चढतो, दहावा ३४, विसावा १२८. पियानोत ही गोडी आहे, तानपुऱ्यात तो गांधाराचा घात आहे. आधी ब शून्य ठेवा, सगळं जुळल्यावर ०.००००२ पर्यंत देऊन बघा.

घंटेचा मार्ग उलटा. इथे घटक हार्मोनिक क्रमात नसतात, म्हणून गुणोत्तरं आणि विझण्याचे वेळ हीच खरी सामग्री. रिसे यांनी १९६९ साली आपल्या संगणकीय आवाजांच्या संग्रहात दिलेली घंटा आजही सर्वांत चांगला धडा आहे. अकरा साइन. प्रत्येक ओळीत गुणोत्तर, सापेक्ष पातळी आणि एकूण कालावधीचा अंश:

०.५६ — पातळी १, कालावधी १
०.५६ अधिक १ हर्ट्झ — ०.६७, ०.९
०.९२ — १, ०.६५
०.९२ अधिक १.७ हर्ट्झ — १.८, ०.५५
१.१९ — २.६७, ०.३२५
१.७ — १.६७, ०.३५
२ — १.४६, ०.२५
२.७४ — १.३३, ०.२
३ — १.३३, ०.१५
३.७६ — १, ०.१
४.०७ — १.३३, ०.०७५

मूळ ४०० हर्ट्झ धरलं तर घटक २२४, २२५, ३६८, ३६९.७, ४७६, ६८०, ८००, १०९६, १२००, १५०४, १६२८. एकूण कालावधी १५ सेकंद घ्या. सगळे एकदम सुरू, चढण जवळजवळ शून्य, उतार घातांकी. सरळ रेषेत उतरवले तर घंटा न वाटता पातेलं वाटतं. वरचे घटक सेकंद-दीड सेकंदात संपतात, खालची जोडी पंधरा सेकंद घुमते आणि त्या दोघींतला १ हर्ट्झचा फरक म्हणजे घंटा थांबताना येणारा तो हेलकावा. पातळ्यांची बेरीज १५ च्या थोडी वर जाते, म्हणून मुख्य पातळी १६ ने भागा.

यादीतला १.१९ बघा. हा जवळजवळ कोमल गांधार आहे. युरोपी चर्चच्या घंटा ओतताना हा कोमल गांधार मुद्दाम साधतात. तारेत शुद्ध गांधार स्वयंभू, तर घंटेत कोमल, म्हणूनच घंटा तानपुऱ्याशी कधीच पूर्ण एकजीव होत नाही. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहेत. तिथे गेलात तर आघात विसरून पुढचा नाद ऐका आणि हा स्वर शोधा.

हीच अकरा गुणोत्तरं ठेवून एन्व्हलप बदला, प्रत्येक घटक हळू चढून हळू उतरेल आणि प्रत्येकाचं शिखर वेगळ्या वेळी येईल असा. घंटा नाहीशी होते आणि धुक्यासारखा तरंगता नाद उरतो. रिसे यांनी स्वतः आपल्या रचनांत हे केलं आहे. तुमच्या मूळ प्रश्नाचं याहून स्पष्ट उत्तर नाही: वारंवारता त्याच, फक्त वेळ बदलला.

तबल्याबद्दल थोडक्यात. साध्या गोल पडद्याचे घटक १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ असे विस्कटलेले असतात, म्हणून ढोल-ताशाला नेमका स्वर नसतो. मधल्या काळ्या शाईच्या वजनाने तबल्यात ते १, २, ३, ४, ५ असे जुळून येतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे १९२० साली मांडलं. नऊ कंपनप्रकार पाच हार्मोनिकांत गोळा होतात, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्यात दोन-दोन, पाचव्यात तीन. म्हणून या तिघांसाठी एकेक साइन न वापरता अर्ध्या-एक हर्ट्झच्या फरकाने दोन-तीन ठेवा. दुसऱ्याचीही अशीच जोडी करा, कारण तबल्याच्या कडेवरच्या घराघरांत (वाद्यांमधल्या जागांत) स्वर सारखा नसला तर त्याच्या दोन दिशा वेगळ्या होतात आणि ‘ना’ डुलतो. फरक ३ हर्ट्झवर नेला की उतरलेला तबला मिळतो. ‘ना’ साठी पहिला −२५ डेसिबल, दुसरा ०, तिसरा −२, चौथा −६, पाचवा −१२, आणि विझण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ‘तूं’ साठी पहिला वर आणि बाकीचे २० डेसिबल खाली. डग्ग्याची शाई मध्यावर नसल्याने त्याचे घटक असे जुळत नाहीत. तिथे दोन-तीन साइन पुरतात, पण घिश्श्यासाठी (तळहात घासून स्वर चढवण्यासाठी) ८० वरून १३० हर्ट्झपर्यंत २०० मिलिसेकंदांत सरकवा. फेज साठवण्याची सवय लावली असेल तरच हे स्वच्छ जमतं.

मात्र चाटीवरच्या बोटाचा ‘टक’ साइनमध्ये शोधू नका. गोंगाट साइनच्या बेरजेने करायचा तर हजारो लागतात आणि तरीही तो शिट्ट्यांचा ढीग वाटतो. २ ते ६ हजार हर्ट्झमधला गाळलेला नॉइज ८ मिलिसेकंद मिसळा. साइन आणि नॉइज वेगळे ठेवण्याची ही रीत झेव्हियर सेरा आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९० साली नीट मांडली, आणि बासरीची फुंक, सारंगीच्या गजाची घासण यांनाही तीच लागू पडते.

तुमच्या ध्वनिमुद्रणाचं विश्लेषण पुन्हा करायचं असेल तर खिडकीची, म्हणजे एका वेळी तपासायला घेतलेल्या तुकड्याची, लांबी विचारपूर्वक ठरवा. हान खिडकीला (कडांकडे शून्यावर उतरणाऱ्या नेहमीच्या प्रकाराला) शेजारचे दोन हार्मोनिक वेगळे दिसायला त्यांच्यात स्पेक्ट्रमच्या चार घरांचं अंतर लागतं. ६९.३ हर्ट्झसाठी ते २७७० सॅम्पल होतं, म्हणजे व्यवहारात ४०९६, ८५ मिलिसेकंद. यापेक्षा छोटी घेतली तर खर्जाचे हार्मोनिक एकमेकांत मिसळून खोटे हेलकावे दाखवतात. ८१९२ घेतली तर वारंवारता सुंदर दिसते, पण १७० मिलिसेकंदांत छेडीचा क्षण पुसला जातो. जवारीसाठी ४०९६ आणि ५१२ सॅम्पलची सरक पुरते, आणि छेडीचा आघात कानाने ठरवा. एकेक तार वेगळी ध्वनिमुद्रित करा. चारही तारा एकत्र असतील तर खर्जाचा दुसरा आणि जोडीचा पहिला एकाच जागी पडतात, ते कोणत्याही प्रोग्रामने वेगळे होत नाहीत. स्पिअर हे मोफत साधन घटकांच्या रेषा काढून दाखवतं, त्यातली एक रेघ पुसून ऐकता येते. कोणता हार्मोनिक काय काम करतो हे त्याने लवकर कळतं. मिळालेल्या रेषा जशाच्या तशा भरू नका. प्रत्येकीला सहा-आठ बिंदू पुरतात, बाकीची थरथर बहुतेक खोलीची असते.

पायथनमध्ये करत असाल तर दोनशे घटक, वीस सेकंद, ४८,००० असा एकच मोठा तक्ता बनवू नका. तो ६४ बिटी संख्यांत दीड गिगाबाइट होतो आणि यंत्र गुदमरतं. एका वेळी एक घटक काढून बेरजेत मिळवत जा. थेट वाजवायचं असेल तर सी-साउंड, प्युअर डेटा किंवा सुपरकोलायडर यांपैकी एखादा ध्वनीचा प्रोग्राम घ्या. दोनशे ऑसिलेटर आजच्या साध्या लॅपटॉपला जड नाहीत. तिथे एन्व्हलप बहुधा ६४ सॅम्पलच्या गठ्ठ्याने बदलतात, म्हणजे १.३ मिलिसेकंदांनी. गठ्ठ्याच्या आत पातळी रेषेने जुळवली नाही तर ७५० हर्ट्झची बारीक गुणगुण येते, आणि ती जवारी समजून लोक खूश होतात. ओळखायची खूण सोपी आहे: सा बदला. जवारी सा बरोबर सरकेल, ही गुणगुण जागची हलणार नाही.